मामाची गाडी, स्टिअरिंग लॉकची वॉर्निंग आणि एक पावसाळा

7 जून 2025

मामाचा सकाळी सातला फोन. शनिवारी सातला मामा फोन करतो म्हणजे एकतर कुणीतरी गेलंय नाहीतर गाडी बंद पडलीये. गाडी होती. "अरे, स्टिअरिंग लॉक्ड म्हणते आणि चालूच होत नाहीये, तू लिफ्टवाला ना, ये बघायला." मी लिफ्ट मेंटेनन्समध्ये आहे, त्यामुळे घरातली वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात येते, मिक्सरपासून.

गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाहीये, उगाच कुणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत. दोन दारं, दोन सीटा, सहा सिलिंडर, मॅन्युअल गिअर, 2008 ची. मामाने सेकंडहँड घेतली. पंधरा वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन पुन्हा करून पर्यावरण करही भरलाय. दादरला जुन्या बिल्डिंगच्या स्टिल्टखाली, म्हणजे खांबांमधल्या पार्किंगमध्ये उभी असते, महिन्यातून दोन-तीनदा पहाटे मरीन ड्राइव्हला जाऊन येते. यंदा पाऊस 26 मे लाच आला, तेव्हापासून जागची हललेलीच नाही.

चावी नेहमीसारखी पात्याची नाही, प्लास्टिकची जाडसर पट्टी आहे, डॅशबोर्डवरच्या खाचेत सरकवायची आणि मग स्टार्टचं बटण दाबायचं. आज पहिल्यांदा सरकवली तर "की नॉट डिटेक्टेड". काढून परत घातली, "स्टिअरिंग लॉक्ड". तिसऱ्या वेळी "इग्निशन लॉक फॉल्टी". चौथ्या वेळी काहीच न बोलता सुरू झाली, जणू मघाशी दुसरंच कुणीतरी बोलत होतं.

दार उघडल्यावर आतून टिंग टिंग वाजत होतं. मामा म्हणाला ते सीटबेल्टचं असेल, महिनोन्महिने वाजतंय. मी मान डोलावली. (हे वाक्य नंतर लाल पेनाने अधोरेखित केलंय. सीटबेल्टची टिंगटिंग इंजिन बंद आणि चावी खिशात असताना कशाला वाजेल?)

8 जून

चावीतला सेल बदलला. सगळे पहिलं हेच करतात, मीही केलं. सीआर2032, म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी, नावातच माप लिहिलेलं असतं हे मला आजवर लक्षात आलं नव्हतं. जुना सेल 2.9 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बरा होता. नवीन घातला तर रिमोटच बंद! डोक्याला शॉट. मग कळलं की लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर हल्ली कडू चवीचा थर देतात आणि तो थर नेमका चावीच्या बारीक पत्तीच्या आड येतो. कापसाला स्पिरिट लावून सेलची कड पुसली, रिमोट चालू.

पण मुळात हा सगळा प्रकार फुकट होता हे घरी येताना लोकलमध्ये सुचलं. दार उघडणारा रिमोट आणि गाडीला ओळख पटवणारी चिप ह्या एकाच प्लास्टिकमध्ये राहणाऱ्या दोन वेगळ्या बाया आहेत. रिमोटला सेल लागतो. चिपला लागत नाही, तिला खाचेभोवतीच्या कॉइलमधूनच वीज मिळते आणि तेवढ्यात ती आपला कोड सांगून मोकळी होते. म्हणजे सेल पार मेला तरी खाचेत घातलेली चावी ओळखायला हवी.

एक गोष्ट मात्र कामाची सापडली. मामाच्या त्याच की-चेनमध्ये लोअर परळच्या ऑफिसच्या गेटचा टॅग लटकवलाय. असले टॅग बऱ्याचदा 125 किलोहर्ट्झवर बोलतात आणि गाडीची कॉइलही तिथेच कान लावून बसलेली असते, दोघं एकदम बोलले तर तिला काय कप्पाळ समजणार. टॅग वेगळा केला. ॲक्टिवाची चावीही काढली. मामा कुरकुरला, खिशात आता तीन की-चेन झाल्या म्हणून.

14 जून

पुन्हा "स्टिअरिंग लॉक्ड". म्हणजे टॅगचा दोष नव्हता, निदान एकट्याचा नव्हता.

व्होल्ट मोजायचा मीटर नेला होता. बॅटरी उभ्या गाडीत 11.8 व्होल्ट. चावी सरकवली, सगळे दिवे-पंखे जागे झाले, 11.1. बटण दाबलं, स्टार्टर फिरला तेव्हा 8.6. धडधाकट बॅटरी उभ्या उभ्या 12.6 च्या आसपास असायला पाहिजे आणि स्टार्ट मारताना साधारण साडेनऊच्या खाली जायला नको. मामाला सांगितलं तर म्हणे, "शक्यच नाही, जानेवारीत नवीन टाकलीये, बिल दाखवू?" बिल दाखवलं. बॅटरी खरंच नवीन, 80 अँपिअर-अवरची. त्याआधीचीही दिवाळीत बसली होती म्हणून तर ही आणली. एका वर्षात दुसरी बॅटरी बसतेय आणि मामा दोष बॅटरीला देतोय, म्हणजे टाकी गळतेय आणि आपण टँकर मागवतोय.

वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन काढून रात्रभर चार्जर लावला.

15 जून

सकाळी 12.7. चावी घातली, एका दमात चालू. आणि आज पहिल्यांदा आवाज नीट ऐकला. चावी सरकवली की स्टिअरिंगच्या दांड्याखालून टक्, बारीकशी झर्र, आणि परत टक्, अर्ध्या सेकंदात खेळ खलास. काल हाच आवाज लांबलचक झर्रर्रर्र असा येत होता आणि शेवटचा टक् येतच नव्हता. मोबाइलवर दोन्ही रेकॉर्ड करून ठेवलेत. मामीने ऐकून विचारलं, हे काय ऐकतोयस कानाला लावून, म्हटलं कुलपाचं गाणं.

आत आहे काय, तर एक चिमुकली मोटर, तिला वर्म गिअर, आणि गिअर एक जाड पिन मागेपुढे सरकवतो. गाडी बंद असली की पिन स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत जाऊन बसते. चावीची ओळख पटली की मोटर पिन बाहेर ओढते आणि पिन पूर्ण बाहेर आली हे आतला सेन्सर कळवतो, ते कळल्याशिवाय गाडी इग्निशन देत नाही. आणि गाडी एकदा सुरू झाली की त्या मोटरची वीजच तोडून टाकतात, धावत्या गाडीत चुकूनसुद्धा पिन आत जायला नको.

मला हे एकदम घरचं वाटलं. लिफ्टमध्ये हेच चालतं. प्रत्येक मजल्याच्या दाराला कॉन्टॅक्ट, सगळे एका माळेत, एकही उघडा राहिला की लिफ्ट हलत नाही. आणि तक्रार काय येते? "लिफ्टची मोटर गेली." शंभरातल्या किती वेळा मोटर गेलेली असते ते आमच्या लोकांना विचारा, चौथ्या मजल्यावरच्या आजींनी जाळीचं दार अर्धवट लोटलेलं असतं. लिफ्ट बिघडलेली नसते, तिला दार लागल्याची खबर मिळालेली नसते. ही गाडी "लॉक्ड" म्हणते तेव्हा ती बहुतेक एवढंच म्हणतेय की सुटल्याची खबर अजून आली नाही.

मग खबर का येत नाही याची दोन कारणं मला दिसली, मोटरला दम नाही, किंवा पिन दाबली गेलीये. दुसरं ज्याने बजाज चेतक चालवलीये त्याला सांगायला नको. हँडल डावीकडे वळवून लॉक केलेलं असतं आणि हँडलवर जोर असला की चावी काही केल्या फिरत नाही, हँडल थोडं हलवून किल्ली फिरवायची. गाडीत तेच, चाक फूटपाथला टेकून उभं असलं तर टायरचा सगळा ताण पिनवर. मामाला दाखवून ठेवलं, वॉर्निंग आली तर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे झुलवत चावी घाल, मारामारी करू नकोस.

21 जून

मामाला धीर नाही. मला न सांगता गाडी टोइंग करून एका मोठ्या वर्कशॉपला नेली. त्यांनी म्हणे मशीन लावलं, स्टिअरिंग लॉकच्या बिघाडाचा कोड निघाला, पूर्ण लॉक युनिट बदलायचं, कोडिंगसकट 1 लाख 85 हजार, पार्ट बाहेरून मागवावा लागेल, दीड महिना. बॅटरी किती व्होल्ट होती ते कागदावर कुठेच नाही. मामाने पैसे भरायचं कबूल केलं नाही एवढं नशीब, मामीने फोन हातातून घेतला होता.

संध्याकाळी दुसरा सल्ला आला, मामाच्या क्लबातल्या कुणाचा तरी. लॉक सुटलेलं असताना फ्यूजच काढून टाकायचा, म्हणजे पुन्हा लागायचाच प्रश्न नाही. काही गाड्यांत हा जुगाड चालतो हे खरं. पण काही गाड्यांचा कंट्रोल युनिट लॉककडून दर वेळी उत्तर मागतो, उत्तर नाही आलं की कायमचा रुसतो, आणि काही गाड्यांत तर चुकलेल्या प्रयत्नांची मोजणी चालू असते, ठराविक आकडा गाठला की लॉक युनिट स्वतःच संप पुकारतं. शिवाय गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाल्याला काय सांगणार, लॉक आम्हीच काढलं होतं? अमेरिकेत 1970 पासून, चावी काढली की स्टिअरिंग किंवा गाडी अडवणारं कुलूप गाड्यांना सक्तीचं केलं ते उगाच नाही. मी नाही म्हटलं. लिफ्टच्या दाराचा कॉन्टॅक्ट वायर टाकून बायपास करणारा माणूस आमच्यात दुसऱ्या दिवशी घरी बसतो, ती सवय अंगात आहे.

मामा थोडा रागावला. "तुझं काय जातंय, गाडी माझी उभी आहे." बरोबर आहे त्याचं.

28 जून

कुर्ल्याच्या चाचांना बोलावलं. सीएसटी रोडला गाड्यांच्या पार्टची दुकानं आहेत त्या भागात त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं काम, चाळीस वर्षं वायरी सोलतायत. माझ्याकडे पाचशे रुपयांचं ब्लूटूथ स्कॅनर होतं ते बघून हसले. ते फक्त इंजिनशी बोलतं, दारं, लॉक, डॅशबोर्ड हे सगळे वेगळे मॉड्युल, त्यांच्याशी बोलायला सगळ्या सिस्टिम वाचणारं मशीन लागतं, ते चाचांकडे होतं.

लॉकचा कोड निघाला, वर्कशॉपवाले खोटं बोलले नव्हते. पण चाचांनी तिथे न थांबता एकेक मॉड्युल उघडत नेलं आणि जवळजवळ सगळ्यांत एकच रडगाणं, व्होल्टेज कमी, व्होल्टेज कमी, व्होल्टेज कमी. रेडिओनेसुद्धा तक्रार नोंदवली होती. चाचा म्हणाले, "लॉक को क्यों गाली देते हो, उसको खाना किधर मिल रहा है." म्हणजे अकरा जण उपाशी आहेत आणि त्यातला एक जरा मोठ्याने ओरडला म्हणून आपण त्यालाच दवाखान्यात नेत होतो.

कोड पुसले. चहा घेतला. चाचांनी पैसे मोजून घेतले, आणि जाताना दार लावताना थबकले. टिंग टिंग. "ये काय को बज रहा है?" मामा म्हणाला सीटबेल्ट. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी डॅशबोर्डवर वाकून बघितलं, छोट्या अक्षरात लिहिलं होतं, "रिमूव्ह की". चावी मामाच्या हातात होती.

मी तीन आठवडे ह्या गाडीभोवती फिरतोय आणि ती पहिल्या दिवसापासून हे ओरडून सांगतेय.

5 जुलै

आज फक्त गळती मोजली, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतून किती वीज जातेय ते. लिहून ठेवतो कारण हे काम लोक घाईत करतात आणि आकडा चुकतो.

बॉनेट उघडं ठेवलं आणि त्याच्या कुलपाचा खटका स्क्रूड्रायव्हरने खाली दाबून ठेवला, म्हणजे गाडीला वाटतं बॉनेट बंद आहे. तसंच दाराचं, बाहेरून पाना टाकून खटका फिरवला. चावी गाडीपासून लांब, मामीच्या फ्रिजवर. मीटर दहा अँपिअरवर, बॅटरीच्या निगेटिव्हला मालिकेत, पण वायर सुटू न देता आधी जंपर लावून मग, कारण मध्ये वीज तुटली की सगळे मॉड्युल परत जागे होतात आणि पहिल्यापासून मोजावं लागतं. मग बसायचं. खुर्ची, छत्री, वडापाव. गाडी झोपायला वेळ घेते, लहान मुलासारखं आहे, आपण उठून गेलो की डोळे उघडते.

20 मिनिटांनी 0.42 अँपिअर. 40 मिनिटांनी 0.42. एक तासाने 0.42. झोपतच नाही.

निरोगी गाडी झोपल्यावर 0.05 च्या आत यायला पाहिजे. 0.42 म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवर गेले, चार दिवसांत 80 ची बॅटरी अर्धी. मामा महिन्यातून दोनदा गाडी काढणार, तेही पावसात नाही. झालं की.

आता फ्यूज. लोक एकेक फ्यूज उपटून बघतात कधी आकडा पडतो, पण उपटला की परत तीच झोपमोड. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर घेऊन फ्यूजच्या पाठीवरच्या दोन बारीक टोकांना लावायचं. ज्यातून करंट जात नाही तिथे शून्य, जातोय तिथे थोडे पॉइंट दिसतात. तीन फ्यूज बोलले, आणि तिन्ही चावी आत आहे म्हटल्यावर जागं राहायचं त्या मंडळींचे.

मग एक प्रयोग म्हणून वॉचमनला सांगून दार उघडलं, चावी खाचेत घातली, काढली, सगळं पुन्हा लावलं आणि बसलो. 35 मिनिटांनी 0.03! मी उठून उभाच राहिलो. म्हणजे कधी झोपते, कधी नाही. खाचेत काहीतरी आहे जे हलतंय.

6 जुलै

आषाढी. साबुदाण्याची खिचडी खाऊन परत तासभर बसलो. आज दहादा चावी घालून काढली, तीन वेळा "रिमूव्ह की" राहिलं. आणि अजून एक, ज्या वेळी ते राहतं त्या वेळी स्टिअरिंग लॉकच होत नाही, सरळ फिरतं. बरोबरच आहे, गाडीच्या मते चावी अजून आत आहे, मग कुलूप कशाला लावेल.

आता दोन्ही वॉर्निंगांचा हिशोब लागला. खाच म्हणते चावी आहे, कॉइल म्हणते चिप दिसत नाही, त्यातून "की नॉट डिटेक्टेड" आणि "इग्निशन लॉक फॉल्टी". आणि रात्रभर जागून बॅटरी उतरली की मोटरला दम राहत नाही, त्यातून "स्टिअरिंग लॉक्ड". एकच दुखणं पण वेगवेगळ्या नावांनी येतंय.

12 जुलै

खाच उघडली.

आधी बॅटरी काढून पंधरा मिनिटं थांबलो, एअरबॅगच्या शेजारी हात घालायचाय. ट्रिमची पट्टी प्लास्टिकच्या पान्याने उचकटली, एक क्लिप तुटलीच, मामाला अजून सांगितलं नाहीये. दोन टॉर्क्स स्क्रू, मागे दोन कनेक्टर, आणि सगळा डबा हातात आला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. तो मामीच्या डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर.

आत मागच्या भिंतीला एक बारीक मायक्रोस्विच. चावी पूर्ण आत गेली की त्याचा पत्ता दाबला जातो. मीटर बीपवर लावला, स्विच दाबलेला असला तरच वाजायला हवं, पण चावी नाही तरी बीप वाजतच होतं. टॉर्च मारला. पत्त्याच्या आणि भिंतीच्या फटीत काहीतरी पांढरं, आणि त्याच्याभोवती लालभडक चिखल. मला वाटलं गंज. चिमट्याने ओढलं तर बाहेर आला

तांदळाचा दाणा.

अर्धा तुटलेला, कुंकवाने रंगलेला. अक्षता!

टेबलाभोवती शांतता. मग मामी हळूच म्हणाली, दसऱ्याला चावीला हळदकुंकू लावलं होतं ना, वर अक्षता टाकल्या होत्या, आणि हे तशीच चावी घेऊन गेले गाडी काढायला. मागच्या वर्षीचा दसरा म्हणजे ऑक्टोबर 2024. पहिली बॅटरी बसली दिवाळीत. तारखा एकापाठोपाठ एक चपखल बसल्या.

पण नुसत्या दाण्याने एवढं झालं नसतं, तो पडूनही गेला असता. मामाला विचारलं खाचेत कधी काही मारलंस का. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, थोडासा स्प्रे, चावी घट्ट जात होती म्हणून. थोडासा म्हणजे? "दोन-तीनदा." तेलकट स्प्रे, त्यात कुंकू, त्यात दादरची धूळ, सगळ्याचा लेप होऊन दाणा जागच्या जागी चिकटला, आणि चावी घालता-काढता तो एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे सरकत होता, कधी पत्ता दाबून, कधी सोडून. विजेच्या खाचेत तेल मारायचं नसतं हे मी मामाला पूर्वीही सांगितलंय, गॅसच्या लायटरच्या वेळी.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या काड्या. अकरा काड्या लाल झाल्या, बाराव्या काडीवर डाग नाही. स्विचचा पत्ता दाबला, टिक्, बीप. सोडला, टिक्, शांत. वीस वेळा केलं. लॅमिंग्टन रोडवरून तसाच दुसरा मायक्रोस्विच आणून ठेवला होता, सोल्डरिंग गनही बॅगेत होती, पण चांगला चालतोय त्याला कशाला हात लावा. नवा स्विच पाकिटात घालून ग्लोव्हबॉक्समध्ये टाकलाय.

दाणा मामीने टाकू दिला नाही. देवाचा आहे म्हणे. तुळशीत टाकला.

13 जुलै

बॅटरी चार्ज करून जोडली. पाच वेळा चावी घालून काढली, पाचही वेळा दार उघडल्यावर शांतता. नऊ महिने टिंगटिंग ऐकायची सवय झालेल्या मामाला आता चुकल्यासारखं वाटतंय. 40 मिनिटांनी 0.03.

26 जुलै

दोन आठवडे गाडी हलवली नाही, मुद्दाम. आज 12.5. एका दमात चालू, टक् झर्र टक्.

26 जुलै म्हटलं की आमच्या घरात 2005 निघतंच, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर, मी पार्ल्याच्या शाळेतून गळ्यापर्यंत पाण्यातून आलो वगैरे, मामाने तेच परत सांगितलं जणू तोच होता पाण्यात. बोलता बोलता मी पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट उचलून बघितलं, कोरडं होतं, पण काचेखालच्या जाळीत पिंपळाची पानं गच्च बसली होती. ती काढली, बाटलीभर पाणी ओतून निचरा होतोय बघितलं. तिथे तुंबलं की पाणी आत मॉड्युलांवर उतरतं, मग अक्षता परवडल्या.

19 ऑगस्ट

मुंबई बंद. दोन दिवस कोसळतोय, मोनोरेल मधेच अडकून लोकांना शिडीने उतरवलं असं बातम्यांत दाखवतायत, आणि मामाचा फोन, "आली रे परत. स्टिअरिंग लॉक्ड."

पोटात गोळा आला. बॅटरी विचारली, मामाने आता स्वतःचा मीटर घेतलाय, 12.5 म्हणाला. टिंगटिंग? नाही. मग म्हटलं, चाक कसंय. स्टिल्टमध्ये पाणी येईल म्हणून मामाने गाडी रॅम्पवर चढवून ठेवली होती, चाक पूर्ण वळवून, टायर कठड्याला टेकवून. फोन स्पीकरवर ठेव, स्टिअरिंग हलकेच झुलव आणि चावी घाल. फोनमधून मला टक् झर्र टक् ऐकू आलं. पावसाच्या आवाजात सुद्धा.

चेतकचं हँडल, म्हटलं. मामा म्हणाला, माझी लॅम्ब्रेटा होती.

27 ऑगस्ट

गणपती. काही काम नाही. मामाने क्लबातल्या त्या फ्यूजवाल्याला दुरुस्तीचा खर्च सांगितला, अल्कोहोलची बाटली, कानकाड्या, मायक्रोस्विच आणि चाचांची फी धरून दोन हजारांच्या आत. तो मानत नाहीये. त्याच्या मते लॉक आतून जाणारच आहे, आज ना उद्या. असेलही, सतरा वर्षांची मोटर आहे. मी दोन्ही रेकॉर्डिंग जपून ठेवलीत, झर्र लांबायला लागली की कळेल.

31 ऑगस्ट

रविवार, पहाटे साडेपाच. कोस्टल रोडने वरळीहून मरीन ड्राइव्ह आणि परत. बोगद्यात 60 ची मर्यादा आहे म्हणून मामा 60 नेच चालवतो आणि वर काच उघडतो, इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो त्यासाठी. तुटलेल्या क्लिपमुळे ट्रिम बारीक खडखडते हे त्याला तिथेच ऐकू आलं. कबुली दिली.

2 ऑक्टोबर

दसरा. मामी सकाळपासून ताट घेऊन उभी. स्टिअरिंगला हार, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. चावी मागितली. मी चावी झिपलॉकच्या पिशवीत घालून पिशवी ताटात ठेवली. मामीने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि पिशवीवर हळदकुंकू लावलं. अक्षता मोजून चार टाकल्या. मामाने पिशवी फाडायच्या आधी हात धुतले.

12.6.